रेशमाचा धागा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांब असतो. रेशमाच्या एका कोषातला तंतू मात्र सलग असून शेकडो मीटर भरतो. रेशीमकिड्याची अळी तो खालच्या ओठाजवळच्या छिद्रातून बाहेर सोडते आणि डोके इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवत दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोष गुंडाळते.

गैरसमज : रेशीम सुतासारखे कातले जाते.
वस्तुस्थिती : आखूड तंतू एकमेकांना धरून राहावेत म्हणून पेळूतून ते ओढत पीळ द्यावा लागतो; हे कातणे. रेशीम मात्र उकलतात. कोष गरम पाण्यात टाकले की तंतूंना चिकटवून ठेवणारा सेरिसिन हा डिंकासारखा पदार्थ मऊ होतो. पाण्यात ब्रश फिरवला की सुटी टोके त्याला लागून वर येतात. एका कोषाचा तंतू फार बारीक, म्हणून आठ-दहा कोषांचे तंतू एकत्र करून रिळावर घेतात. रीळ फिरते तसे कोष पाण्यात डुचमळत उलगडतात. एखादा संपला की तिथे दुसऱ्याचे टोक जोडतात. कातायची वेळ येते ती फुटक्या कोषांवर आणि उरल्यासुरल्या तंतूंवर.

गैरसमज : भारतात सूत अनादि काळापासून चरख्यावर कातले जाते.
वस्तुस्थिती : कातणे अतिप्राचीन आहे, चरखा तितका नाही. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर सापडतात त्या टकळीच्या चकत्या. भारतातल्या चरख्याचा निःसंदिग्ध उल्लेख मिळतो तो बहमनी राज्याच्या आरंभी, १३५० च्या सुमारास इसामीने लिहिलेल्या फारसी काव्यात.

गैरसमज : रेशीम सोवळ्यात चालते, म्हणजे त्यात जीवहत्या नाही.
वस्तुस्थिती : सोवळ्याचा संबंध विटाळाच्या कल्पनेशी आहे, अहिंसेशी नाही. पतंग कोष भेदून बाहेर पडला तर तंतू तुटतो. म्हणून त्याआधीच वाफेने किंवा गरम हवेने आतला जीव मारतात. पतंग निघून गेल्यावर उरलेल्या कोषांपासूनही रेशीम करता येते, पण ते उकलत नाही, कातावे लागते. त्यामुळे त्याला नेहमीच्या रेशमाची चकाकी येत नाही.

गैरसमज : भारताला रेशीम ठाऊक झाले ते चीनमुळे.
वस्तुस्थिती : तुतीच्या पानांवर किडे पाळण्याची विद्या चीनची, यात शंका नाही. मात्र हडप्पा आणि चन्हुदारो येथे मिळालेल्या वस्तूंमध्ये इ.स.पू. २४५० ते २००० या काळातले रेशमाचे तंतू आढळले असून ते रानटी पतंगांच्या जातींचे आहेत. हे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या कितीतरी आधी अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे, ताम्रपाषाणयुगीन दफनातल्या मण्यांच्या दोऱ्यात कापसासोबत रेशीम सापडले होते.

गैरसमज : रेशीम म्हणजे तुतीचेच.
वस्तुस्थिती : तुती, टसर, एरी आणि मुगा या चारही प्रकारांचे व्यापारी उत्पादन भारतात होते. सर्वाधिक वाटा तुतीचा आहे. सोनेरी मुगा आसामचा. एरीची अळी एरंडाची पाने खाते. तिचा कोष एका टोकाला उघडा असतो आणि त्यातला तंतू सलग नसतो, म्हणून एरी कातावेच लागते. टसरच्या अळ्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा जिल्ह्यांत हे काम चालते. विदर्भात या रेशमाला कोसा म्हणतात.

गैरसमज : चमकते ते रेशीम, आणि ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कलाकुसरीचे रेशीम.
वस्तुस्थिती : तुतीच्या रेशमाचा तंतू आडवा कापून पाहिला तर साधारण त्रिकोणी दिसतो. त्याच्या सपाट बाजूंवरून प्रकाश परावर्तित होतो आणि चमक येते. पण चमक कृत्रिम धाग्यालाही आणता येते. ‘आर्ट’ हा ‘आर्टिफिशियल’चा संक्षेप आहे, असे कापड रेयॉनसारख्या धाग्याचे असते. पदराच्या कडेचा एखादा धागा काढून चिमट्यात धरून जाळला की फरक कळतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. रेयॉनला कागद जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गुठळी होते. धागा जाळायचा नसेल, तर साडी घेताना केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेले ‘सिल्क मार्क’ हे चिन्ह पाहून घ्यावे.