गोचीड भिंतीत राहते

आमच्या भिवंडीतल्या नारपोलीच्या गल्लीत यंत्रमागाचा एक कारखाना आहे. त्याच्या दाराशी वाघ्या नावाचा कुत्रा झोपतो. उंबऱ्याच्या कडेला सुताच्या चिंध्यांचा ढीग असतो, तीच त्याची गादी. रात्रपाळीचे कामगार चहाबरोबर त्याला पाव टाकतात, सकाळची पोळी आमच्याकडची. एका पावसाळ्यात तो सारखा कान झटकायला लागला. कान उलटून पाहिला तर आत मसुराच्या दाण्यांसारख्या गोचिडी ओळीने चिकटलेल्या. एका कामगाराने मायेने त्याचं डोकं मांडीवर घेऊन एकेक ओढून काढली आणि गटारात टाकली. सगळ्यांना वाटलं, सुटला बिचारा. दहा-बारा दिवसांत कान पुन्हा भरला.

मग एका संध्याकाळी मी बॅटरी घेऊन त्याच्या झोपायच्या जागेमागची भिंत पाहिली. गिलाव्याला खालपासून मीटरच्या फळीपर्यंत तडा गेला होता. त्या तड्यात तपकिरी ठिपके होते, काही मोहरीपेक्षा बारीक, काही तिळाएवढे. करड्या द्राक्षासारखी फुगलेली एक मादी सावकाश वर चढत होती. वाघ्याच्या अंगावर होत्या त्याहून कितीतरी जास्त गोचिडी त्या हातभर भिंतीत होत्या.

कुत्र्या-मांजरांचे परजीवी आपल्याला जनावराच्या अंगावर दिसतात, म्हणून आपण जनावरालाच धरून बसतो. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग भिंतीत, फरशीच्या सांध्यात, अंथरुणात आणि मातीत जातो. औषध जनावराला आणि सफाई जागेला, दोन्ही एकाच वेळी झालं तरच सुटका होते. या लेखात सांगायचं आहे ते एवढंच. पुढे आहे तो याचाच तपशील.

तडा, फट आणि फळी

आपल्याकडच्या कुत्र्यांवर सर्रास सापडते ती तपकिरी गोचीड. तिचं शास्त्रीय नाव रायपिसेफॅलस सँग्विनियस. अंड्यातून सहा पायांचं पिल्लू निघतं. ते कुत्र्याचं रक्त पितं, खाली पडतं, फटीत शिरून कात टाकतं आणि आठ पायांचं होऊन परत येतं. पुन्हा रक्त, पुन्हा खाली, पुन्हा कात. तिसऱ्या खेपेला पूर्ण वाढलेली मादी आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस रक्त पिऊन टम्म फुगते, गळून पडते आणि भिंत चढून एखाद्या फटीत दोन ते चार हजार अंडी घालते. म्हणजे एकाच गोचिडीला आयुष्यात तीनदा कुत्रा लागतो, मधला सगळा काळ ती घरात असते. रानातल्या अनेक गोचिडींना गवत आणि ओलावा लागतो, हिला चार भिंती पुरतात. वाढलेली गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने तग धरते. दमट, उबदार, फटींनी भरलेल्या आमच्या गल्ल्यांत तिला वर्षभर ऋतू अनुकूलच असतो.

रक्त पिते हे तिचं लहान पाप. ती सोबत जे आणते ते मोठं. एर्लिकिया हा जिवाणू आणि बबेसिया हा रक्तातल्या तांबड्या पेशी फोडणारा सूक्ष्मजीव, दोन्ही तिच्या चाव्यातून शरीरात जातात. लोक दोन्हींना ‘टिक फीवर’ म्हणतात. एर्लिकियाची नोंद १९३५ साली अल्जीरियात झाली आणि व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याचे शेकडो कुत्रे त्याने गेले. कुत्रा खायचं सोडतो, ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके उठतात. बबेसियात लघवी काळ्या चहासारखी होते. यातलं एक जरी लक्षण दिसलं तरी ‘उद्या बघू’ म्हणू नये. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट घटलेल्या दिसतात. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावं लागतं. कुत्रा तिसऱ्या दिवशी शेपटी हलवायला लागला म्हणून गोळ्या थांबवल्या की दुखणं उलटतं.

गोचीड काढायची तर चिमट्याने, कातडीला अगदी लागून पकडून, सरळ वर ओढून. रॉकेल ओतू नये, काडी लावू नये, बोटांनी चिरडू नये. काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकावी. गटारात टाकलेली मादी कडेची भिंत चढू शकते, आणि तिच्या पोटात पुढचे काही हजार असतात.

बंद घरात वाट पाहणाऱ्या पिसवा

पिसूचं गणित आणखी चकवणारं आहे. कुत्र्या-मांजरांवर दिसणाऱ्या मोठ्या पिसवा म्हणजे एकूण पिसवांचा जेमतेम विसावा भाग. बाकीचा पसारा अंडी, अळ्या आणि कोष या रूपांत जमिनीवर असतो. मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते. ती अंगावर टिकत नाहीत, मीठ सांडावं तशी जिथे मांजर झोपतं तिथे सांडतात. अळ्या उजेड टाळून गादीच्या घडीत, कपाटाखाली शिरतात. कोषातली पिसू मात्र वाट पाहते. हालचाल, ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर उडी मारते, नाहीतर कित्येक महिने आत थांबते.

म्हणून सुट्टीत कारखाना बंद होतो, कामगार गावी जातात, आणि परत येऊन पहिल्या दिवशी खटका दाबला की घोट्याला चावे सुरू होतात. ‘कुत्रं इथे नव्हतंच, मग पिसवा कुठून आल्या?’ असं सगळे विचारतात. त्या आल्या नव्हत्या, तिथेच होत्या. मागांच्या धडधडीने त्यांना उठवलं.

पिसू आहे की नाही, याची एक परीक्षा घरी करता येते. बारीक कंगव्याने केस विंचरून निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावी. तिच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसूची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. तान्ह्या पिल्लाच्या अंगावर पिसवा फार झाल्या तर निव्वळ रक्त गेल्याने ते दगावू शकतं. स्वतःला चाटताना मांजराने किंवा कुत्र्याने पिसू गिळली तर पोटात चपटा जंत होतो. शेपटीखाली भाताच्या शितासारखे तुकडे दिसले तर ते त्याचेच. जंताची गोळी देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात तीच शितं पुन्हा दिसतात.

पिसूला कमी लेखू नये हे मुंबई इलाख्याने फार मोठी किंमत मोजून शिकलं. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवलं. ती पिसू वेगळ्या जातीची, पण धडा एकच. गोचिडीचंही तसंच. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला २०१६पासून जो माकडताप ऐकू येतो, तो रानातल्या दुसऱ्या जातीच्या गोचिडीमुळे. आपल्या दारच्या गोचिडीचा त्याच्याशी संबंध नाही, म्हणून कुत्र्याकडे भयाने पाहायचं कारण नाही.

पोटातले जंत आणि अंगणातली माती

पिल्लू जन्माला येतं तेव्हाच बहुतेक वेळा त्याच्या पोटात गोल जंत असतात. कुत्रीच्या मांसपेशींत दडून बसलेल्या अळ्या गाभण काळात जाग्या होऊन गर्भात उतरतात. मांजरीच्या पिल्लांना त्या दुधातून मिळतात. अंग बारीक, पोट नगाऱ्यासारखं, केस निस्तेज, असं पिल्लू आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ‘खाऊन पोट सुटलंय’ असं म्हणून सोडून देतो, ती खरी जंतांची खूण. आकड्यासारख्या तोंडाचा दुसरा जंत आतड्याला चावून रक्त पितो. अशा पिल्लाची शी डांबरासारखी काळी होते.

पिल्लांना जंताचं औषध दोन आठवड्यांचं झाल्यावर सुरू करतात, दर दोन आठवड्यांनी आठव्या आठवड्यापर्यंत, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. मांजरीच्या पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून. आईलाही त्याच वेळी द्यावं. मोठ्या जनावराला साधारण दर तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर ठरते, म्हणून अंदाजाने अर्धी गोळी मोडून देऊ नये.

इथेही अर्धी लढाई जमिनीवर आहे. शीतून पडलेली गोल जंताची अंडी ताजी असताना बाधत नाहीत. मातीत दोन-तीन आठवडे राहिली की ती बाधक होतात आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे रोजची शी रोज उचलली तर साखळी तिथेच तुटते. ती उचलली नाही तर त्याच मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हाताने अंडी तोंडात जातात, आणि क्वचित अळी डोळ्यापर्यंत पोचते. आकडेवाल्या जंताच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीत शिरून लाल, वळवळती रेघ उठवतात.

मटणाच्या दुकानाबाहेर कुत्र्यांना कच्ची आतडी, फुप्फुसं टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. देणाऱ्याची भावना चांगली असते. पण बकरी-मेंढीच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी असतील तर त्यातून कुत्र्याच्या पोटात इकायनोकोकस नावाचा चिमुकला चपटा जंत वाढतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या यकृतातही तशीच गाठ होते आणि बऱ्याचदा शस्त्रक्रिया करावी लागते. द्यायचं ते शिजवून द्यावं.

मांजराला कुत्र्याचं औषध नको

शेजारच्या काकूंच्या मनीला पिसवा झाल्या. दुकानातून मानेवर टाकायचं औषध आणलं, ते कुत्र्याचं होतं. ‘अहो, थोडंच टाकलं हो,’ असं त्या रडत सांगत होत्या. तोवर मनीच्या अंगाला कंप सुटला होता, तोंडातून लाळ गळत होती. तातडीने साबणाच्या पाण्याने धुऊन तिला दवाखान्यात नेलं म्हणून ती वाचली.

त्या औषधात पर्मेथ्रिन होतं. कुत्र्याचं यकृत ते पचवून बाहेर टाकतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. भिवंडीच्या आसपास म्हशींचे तबेले आहेत. तिथली गोचिडीची बाटली ‘दोन थेंब’ म्हणून घरी येते, तिच्यात सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझ असतं. मांजरावर ते चुकूनही वापरू नये, कुत्र्यावरही डॉक्टरने सांगितल्याशिवाय नको. फिनेलनेही मांजराला विषबाधा होते. फरशी पुसल्यावर ते ओल्या पंजांनी चालतं आणि तेच पंजे चाटतं. तंबाखूचं पाणी हे तर सरळ विष.

आज महिनाभर पुरणाऱ्या, काही तर १२ आठवडे चालणाऱ्या गोळ्या मिळतात. मांजरांसाठी वेगळी औषधं आहेत. जनावराला कधी झटके आले असतील तर ते डॉक्टरला आधी सांगावं.

आणखी एक. घरात कोणी गरोदर असलं की मांजर गोणीत भरून लांब सोडून येतात, गर्भाला बाधणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या जंतूच्या भीतीने. मांजराच्या शीतला तो जंतू बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. मातीचा डबा रोज, घरातल्या दुसऱ्या कोणी साफ केला, मांस नीट शिजवलं, भाजी धुतली की पुरे. मनीला घराबाहेर काढायची गरज नाही.

गल्लीची कुत्री कोणाची?

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांविषयीच्या प्रकरणात नसबंदी आणि लसीकरणाबरोबर जंतनाशकाचाही उल्लेख केला. रेबीजची लागण झालेली, तसा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री वगळता बाकीच्यांना हे करून त्याच भागात सोडावं, असं सांगितलं. मला यातला ‘जंतनाशक’ हा शब्द मोलाचा वाटतो. माझ्या घरचं कुत्रं कितीही औषध घेतलेलं असो, ते त्याच मातीत फिरतं जिथे गल्लीची दहा कुत्री फिरतात. गल्लीचं आरोग्य एकेका दारापुरतं राखता येत नाही.

म्हणून आम्ही काही घरांनी आणि कारखान्याच्या कामगारांनी वाघ्यासाठी वर्गणी काढली. डॉक्टरांनी वजनाचा अंदाज घेऊन गोचिडीची गोळी दिली, ती पावात घालून खाऊ घातली. त्याच दिवशी सुताच्या चिंध्या काढून टाकल्या आणि त्या जागी धुता येणारं गोणपाट आलं. ते आता दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून निघतं. दिवाळीच्या साफसफाईत कारखान्याच्या भिंतीचा तडा खालपासून मीटरच्या फळीपर्यंत सिमेंटने बुजवला आणि वरून चुना मारला. फटी झाडताना निघालेला केर पिशवीत बांधून लगेच बाहेर नेला.

एकदा करून हे संपत नाही. राहिलेली अंडी फुटतात, पिल्लं निघतात, तोवर पुढची गोळी द्यायची वेळ आलेली असते. ती तारीख कारखान्याच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली आहे, पगाराच्या तारखेशेजारी. रविवारी संध्याकाळी मी बॅटरी घेऊन जातो. वाघ्याचे कान बघतो, बोटांच्या बेचक्या बघतो, मग भिंत बघतो. वाघ्या तोवर शांत पडून असतो, कान उलटा केला तरी डोळे उघडत नाही.