पिशवी काढणे हा पाळीच्या दुखण्यावरचा इलाज नव्हे



आपला ऊस वेळेवर तुटतो तो टोळ्यांच्या जिवावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. म्हणजे टोळीत निम्म्या बायाच. त्यांतल्या पुष्कळ बंजारा तांड्यांतून आणि आदिवासी वस्त्यांतून येतात. असे तांडे आणि आंध समाजाच्या वस्त्या आपल्या वाशिम जिल्ह्यातही आहेत. या बायांचे एक दुखणे फडावरच वाढते. म्हणून हा विषय इथे मांडीत आहोत.

पाळी आली तरी बाईला मोळ्या डोक्यावरून वाहाव्याच लागतात. खाडा पडला की दंड उचलीच्या हिशेबात चढतो. फडावर ना आडोसा, ना पाणी. ओले कापड दिवसभर तसेच राहते आणि धुतले तरी लाजेपायी सावलीत, लपवून वाळत घातले जाते. त्यातून जंतू वाढतात, अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते. मग कोणीतरी कॅन्सरची भीती घालतो आणि बाई ऐन तिशीत पिशवी काढून मोकळी होते.

बीड जिल्ह्यात हेच झाले. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली.

दुखणे खोटे नसते. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत 650 बायांची तपासणी केली. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के बायांना स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी झालेल्या मात्र फक्त 8 टक्के. म्हणजे दुखणे घरोघर, अन् दाखवायला जाणारी क्वचितच.

सभासदांनी हे ध्यानात घ्यावे की, पांढरे जाणे बहुतेक वेळा औषधाने बरे होते. कॅन्सर, मोठी गाठ किंवा औषधाने न थांबणारा रक्तस्राव अशा गंभीर कारणांसाठीच पिशवी काढण्याचा विचार करतात, तोही पूर्ण तपासणीनंतर. पिशवीबरोबर बीजकोष काढले तर पाळी जाण्याचे वय एकदम येते. अंगाची आग होते, हाडे ठिसूळ होतात. मग कोयता पेलायचा कसा? मात्र पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर लगेच दाखवावे.

आपल्या हातात काय आहे? ऊस तुटत असेल तेव्हा विहिरीचे पाणी आणि पोत्यांचा का होईना, आडोसा द्या. कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवता येईल अशी जागा दाखवा. पाळीच्या दिवसांत खाडा धरू नये, असे मुकादमाला निक्षून सांगा. ऑपरेशन सांगितले असेल तर आधी सरकारी दवाखान्यात दुसरा सल्ला घ्यायला लावा, आणि गरज पडली तर आपली गाडी द्या.

उसाची काळजी आपण जिवापाड घेतो. तो तोडणाऱ्या लेकीबाळींचीही घ्यावी, ही विनंती.