समंधाला नियम हवा

सुट्टीत पुण्या-हैदराबादहून बालाघाटला आलेली नातवंडं हल्ली पत्त्यांऐवजी वेगळेच फासे घेऊन बसतात. वीस बाजूंचे! एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि तलवार लागली की हुकली हे फासा ठरवतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा यातला सर्वात गाजलेला खेळ, १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी काढलेला. मोबाइल लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. आजी-आजोबांनी तेवढ्यासाठी तरी खूश व्हावं.

मेल्यावरही हिंडणाऱ्या शत्रूंना या खेळात सरसकट ‘अनडेड’ म्हणतात. आपल्याकडे असा एक शब्द नाही, कारण मुंजा, हडळ, खवीस, झोटिंग, समंध अशी ज्याला त्याला स्वतंत्र नावं आहेत. परदेशी मंडळींत सर्वात दरारा ‘लिच’चा. मरण चुकवण्यासाठी जिवंत प्रेत झालेला हा जादूगार. देह कितीदा जाळा, जीव लपवलेली डबी सापडेपर्यंत तो परत येतो. ओळखीचं वाटतं ना? सातासमुद्रापलीकडच्या पोपटात प्राण ठेवणारा राक्षस आपण जेवता जेवता ऐकलेला आहे.

मुलं स्वतः भूत रचतात तेव्हा मात्र सगळा भर आकड्यांवर. तीनशे ‘हिट पॉइंट’, आगीचा परिणाम नाही, विषाचा नाही. मग दोन तास फासे फेकायचे आणि जांभया द्यायच्या. आपला वेताळ बघा. वेताळपंचविशीत तो राजाला एक चापटही मारत नाही. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर प्रेत पुन्हा झाडावर! एवढ्या एका नियमावर राजा खेपांमागून खेपा घालतो. मुंजाचंही तसंच. मुंज झाली, सोडमुंज राहिली, म्हणून तो पिंपळाला धरून असतो आणि लग्नाची आस सुटत नाही. २०२४ च्या ‘मुंज्या’ चित्रपटाची सारी गंमत त्या अडकलेल्या इच्छेत आहे.

आता आपल्या भागातला एक समंध रचून पाहू. मध्य प्रांतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले, बालाघाटही त्यांत होरपळला. समजा, लांजीकडचा एक काल्पनिक मालगुजार त्या वर्षी धानाच्या कोठीला कुलूप लावून बसला आणि तिथेच मेला. आता तो कोठी राखतो. खेळाडूंनी त्याला मारलं, तर दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो पुन्हा उंबऱ्यावर हजर. त्याचा जीव आहे कर्जाच्या वहीत. वही जाळली तर तो अधिकच चेकाळतो, कारण आता कोणाकडून किती यायचं हे फक्त त्यालाच माहीत! सुटका एकाच प्रकारे: वहीतलं एकेक नाव मोठ्याने वाचायचं आणि कर्ज खोडायचं. प्रत्येक नावासरशी त्याची ताकद घटते, पण तोवर तो वाचणाऱ्यावर चाल करून येतो. म्हणजे एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी त्याला सांभाळायचं. लढणाऱ्यालाही काम, न लढणाऱ्यालाही. मध्येच एखादं नाव खेळाडूच्या पणजोबांचं निघालं, तर टेबलावर कशी शांतता पसरते ते पाहा.

या खेळात मराठीही आपसूक येते. ‘कोठी’ म्हणजे काय, ‘मालगुजार’ कोण, हे मुलं विचारतात. एरवी इंग्रजीत खेळणारी मुलं ‘समंध’ हा शब्द एकदा मिळाला की सोडत नाहीत.

एक मात्र कटाक्षाने टाळावं, ते म्हणजे चेटकीण किंवा डाकीण. मुंजा कोणाच्या शेजारी राहत नाही, पण डाकीण ठरवून जिवंत बायकांना मारहाण झालेली आहे. शेजारच्या छत्तीसगढला २००५ साली ‘टोनही’ छळाविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. त्या नावाचा राक्षस करून मुलांच्या हाती तलवार देऊ नये. हडळ घ्यायचीच असेल तर बाळंतपणात मेलेली बाई म्हणून घ्या, तिला तिचं बाळ शोधू द्या, आणि खेळाडूंना शोधात तिच्या बाजूने उतरण्याची मोकळीक ठेवा.

समंधाचा डाव चार-पाच जणांत एका दुपारी होतो. वहीत दहाच नावं ठेवा, जास्त ठेवली तर चहा थंड होतो.