धर्म राजाचा कीं देवाचा ?

धर्म हा सत्ताधीशाच्या हातांतील चाबूक आहे, असें म्हणणारांस इतिहासांत पुराव्याची वाण कधींच पडलेली नाहीं. ख्रिस्ती धर्म त्यास अपवाद नव्हे; १५६० पासून गोव्यांत चाललेल्या इन्क्विझिशनचें नांव घेतलें म्हणजे अधिक सांगावयास नको. परंतु एकाच पक्षाचा पुरावा वाचून निकाल मागणें न्यायास धरून नाहीं. सबब दुसऱ्या बाजूचाही एक दाखला वाचकांपुढें मांडतों.

जर्मनींत १९३३ च्या जानेवारींत हिटलर अधिकारारूढ झाला, आणि १ एप्रिल रोजीं यहुदी दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला. दारोदार तपकिरी गणवेषाचे पहारेकरी उभे राहिले. बर्लिन येथें यूलिए बोनहोफर नांवाच्या ९० वर्षांच्या वृद्ध बाई त्या पहाऱ्यांतून शांतपणें आंत गेल्या व खरेदी करून परतल्या. गिऱ्हाइकानें दुकानांत शिरावें, यांत तें काय मोठेंसें ? पण आमच्या व्यापारी वाचकांस त्या दिवशींच्या त्या पावलाची किंमत समजेल.

आठवड्याच्या आंत यहुदी वंशाच्या सरकारी नोकरांस काढण्याचा कायदा झाला. सप्टेंबरांत प्रशियाच्या धर्मसभेनें तोच नियम धर्मोपदेशकांस लावला. म्हणजे बाप्तिस्मा झाला असला तरी आजा यहुदी निघाला कीं उपदेशकाची जागा गेली! 'जर्मन ख्रिस्ती' म्हणविणाऱ्या पक्षाची मजल तर पुढें याहूनही पलीकडे गेली. जुना करारच यहुद्यांचा म्हणून टाकून द्यावा, अशी मागणी नोव्हेंबरांत बर्लिनच्या जंगी सभेंत झाली. धर्माच्या नांवें चाललेलें वंशवेड तें याहून वेगळें काय असतें ?

याविरुद्ध मार्टिन नीमलर यानें उपदेशकांचा संघ उभारला, आणि मे १९३४ मध्यें बार्मेन येथें १३९ प्रतिनिधींनीं जाहीरनामा संमत केला. त्याचा मुख्य लेखक कार्ल बार्थ. ख्रिस्ताखेरीज दुसरा कोणी पुढारी धर्मसंस्थेचा धनी नाहीं, हें त्याचें सार. स्वतःस राष्ट्राभिमानी म्हणविणाऱ्या आमच्यासारख्यांनीं येथें अंमळ थबकावें. नीमलर हा पहिल्या महायुद्धांतील पाणबुडीचा कप्तान, कडवा राष्ट्रवादी, व प्रारंभीं हिटलरचा पाठीराखाही होता. १९३८ सालीं न्यायालयानें त्यास दिलेली सात महिन्यांची शिक्षा कच्च्या कैदेंतच भरून निघाली होती. तरी सुटतांच गुप्त पोलिसांनीं त्यास उचललें व १९४५ पर्यंत छळछावणींत डांबलें. न्यायासनाच्या शब्दास जेथें शिपाई जुमानीत नाहीं, तेथें कायद्याचीं पुस्तकें रद्दीच्या भावानें विकावीं.

तथापि बार्मेनच्या जाहीरनाम्यांत यहुद्यांविषयीं अक्षर नाहीं. आपल्या देवळाचें स्वातंत्र्य राखण्यास जे उठले, त्यांतील बहुतेक शेजाऱ्याच्या घरास आग लागली असतां गप्प राहिले. हें व्यंग आम्ही झांकणार नाहीं. पूर्वोक्त वृद्ध बाईंचा नातू डीट्रिख बोनहोफर यानें मात्र १९३३ सालींच लिहिलें होतें कीं, चाकाखालीं चिरडलेल्यांस मलमपट्टी करून भागत नाहीं; प्रसंगीं चाकच अडवावें लागतें. प्रतिकाराचा मार्ग शिकण्यास हिंदुस्थानांत येण्याची त्याची इच्छा होती, व १९३४ सालीं महात्माजींनीं त्यास आश्रमाचें निमंत्रणही धाडलें होतें. तें येणें घडलें नाहीं. ९ एप्रिल १९४५ रोजीं फ्लोसेनबुर्ग येथें त्यास फांशी दिलें.

म्युन्स्टरचे कॅथॉलिक बिशप फॉन गालेन यांची रीत निराळी. वेडे व पंगू रोगी सरकार मारवीत आहे असें कळतांच त्यांनीं दंडसंहिता उघडली. होऊं घातलेला खून ठाऊक असून जो कळवीत नाहीं तो शिक्षेस पात्र, असें तींत कलम होतें. त्या आधारें त्यांनीं रीतसर फिर्याद गुदरली, आणि ३ ऑगस्ट १९४१ रोजीं व्यासपीठावरून ती हकीकत भर सभेंत सांगितली. तीन आठवड्यांत हिटलरनें विषारी वायूचीं तीं केंद्रें थांबविण्याचा हुकूम दिला. तोंवर सत्तर हजारांवर जीव गेले होते, व पुढेंही तो प्रकार छुपेपणानें चालूच राहिला.

बिशपांस हात लावण्याचें धाडस सरकारास झालें नाहीं. राग निघाला तो लहानांवर. ल्युबेक येथें तीन तरुण कॅथॉलिक पाद्री व एक ल्युथरपंथी उपदेशक या व्याख्यानाच्या नकला वांटीत. त्यांतील ल्युथरपंथी एके काळीं नाझी पक्षाचाच सभासद होता. १० नोव्हेंबर १९४३ रोजीं हांबुर्गच्या तुरुंगांत चौघांचाही, एकामागून एक, शिरच्छेद करण्यांत आला.