सेल्फ मारण्याआधी

कुटाराच्या ढिगाशेजारी, चाकं अर्धी मातीत रुतलेला ट्रॅक्टर अकोला-अमरावतीकडच्या कितीतरी गावांत उभा दिसतो. कधी तो लाल रंग उडालेला बी-२७५ असतो. महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्यासोबत १९६३ साली कंपनी काढली आणि १९६५ पासून हा ट्रॅक्टर आपल्याकडे तयार होऊ लागला. चार सिलिंडर, पस्तीस हॉर्सपॉवर. कधी तो एचएमटीचा झेटर २५११ असतो, दोन सिलिंडरचा. त्याचं उत्पादन पिंजोरला १९७१ साली सुरू झालं. दहा-पंधरा वर्षं कोणी हात लावलेला नसतो. मग दिवाळीत घरी आलेला कोणी उत्साहानं नवी बॅटरी आणतो, टाकीत डिझेल ओततो आणि सेल्फ मारतो. इंजिनाचं खरं नुकसान त्या क्षणी होतं.

आमच्याकडचे म्हातारे मिस्त्री एकच सांगायचे, "सेल्फ मारू नोको भाऊ, पयले हातानं फिरवून पाय." त्यामागचं कारण समजलं की पुढचं सगळं काम सोपं होतं.

चार सिलिंडरचं इंजिन कुठंही थांबलं तरी एका ना एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडाफार उघडा राहतोच. उभ्या सायलेन्सरवर डबा उपडा घातलेला नसेल, तर पावसाचं पाणी त्या वाटेनं नेमकं त्याच सिलिंडरात उतरतं. तिथं रिंगा गंजून लायनरला धरतात. पाणी थोडं असेल तर एवढ्यावरच भागतं. पण पिस्टनच्या डोक्यावर पेलाभर पाणी साचलं असेल आणि सेल्फनं इंजिन ओढलं, तर मोठी मोडतोड होते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर चढणारा पिस्टन तिथंच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून पहिलं काम नोझल काढण्याचं. बी-२७५ वर इंची पाने लागतात. मिलिमीटरचा पाना जबरदस्तीनं बसवला तर नटाच्या कडा जातात. नोझल निघाल्या की प्रत्येक भोकातून अर्धा-एक कप डिझेल आणि इंजिन ऑईल निम्मं-निम्मं मिसळून सोडायचं आणि दोन-तीन दिवस वाट पाहायची. घाई करायची नाही. मग पुढच्या पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून हळूच, पुढं-मागं, बोटभर हलवून पाहायचं. हललं नाही तर पुन्हा तेल, पुन्हा दोन दिवस. टॉप गियर टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढायचा मोह इथं अनेकांना होतो. तो आवरावा. आठवडाभर तेल देऊनही हललं नाही, तर हेड उतरवणंच स्वस्त पडतं.

इंजिन फिरायला लागलं की वरचं झाकण काढून रॉकर पाहायचे. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटून खालीच राहिला असेल, तर पिस्टन वर येताना त्याला धडकतो. तेल सोडून लाकडी हातोडीनं हलकं ठोकत तो मोकळा करायचा.

आता ऑईल. चेंबरचा बोल्ट सैल केला की आधी पाणी बाहेर येतं, कारण ते जड असून तळाशी बसतं. त्याचा रंग पाहून ठेवावा. स्वच्छ पाणी असेल तर बहुधा पावसाचं किंवा दमटपणाचं. गंजकं तांबडं असेल तर रेडिएटरचं, म्हणजे हेड गॅस्केट किंवा लायनरकडं संशय.

रेडिएटरची गोष्ट आपल्या भागात वेगळी आहे. थंड देशांत पाणी गोठून ब्लॉक फुटतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, आणि वर्षानुवर्षं तेच रेडिएटरात भरलेलं. उभ्या इंजिनात ते आटत जातं, क्षार मागं राहतात, गंज धरतो आणि पाण्याच्या वाटा भरून जातात. अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा असं इंजिन वखरणीला तासभरही टिकत नाही. थर्मोस्टॅट काढून, पाण्याची नळी उलटी लावून, स्वच्छ निघेपर्यंत धुवावं, आणि भरताना कूलंट घालावं. तेही नसेल तर पावसाचं पाणी चालेल, पण बोअरचं कधीच नाही.

टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढून टाकायचं. तळाशी पाणी आणि काळा चिकट गाळ असतो, तो फिल्टरमध्ये गेला की सगळी मेहनत वाया. फिल्टर नवे, रबरी नळ्या नव्या. नोझल पंपवाल्याकडे नेऊन फवारा तपासून घ्याव्यात. फवाऱ्यासमोर हात धरू नये, तो दाब शंभर बारच्या वर असतो आणि डिझेल कातडीत घुसतं.

पंपाचं मात्र वेगळं पाहायचं. आत चिकटलेल्या जुन्या डिझेलनं त्याचा रॅक पूर्ण डिझेलच्या जागी अडकून राहू शकतो. असं इंजिन एकदा पेटलं की स्टॉपची दोरी ओढली तरी थांबत नाही, वेग वाढतच जातो. म्हणून स्टॉपचा दांडा हातानं मोकळा हलतो का, पाहावं. शिवाय एअर फिल्टरच्या पाइपाचं तोंड झाकेल एवढी जाड फळी एका माणसाच्या हातात द्यावी. हवा बंद झाली की डिझेल इंजिन थांबतंच. हात किंवा फडकं कधीही लावू नये. ऑईल-बाथ फिल्टरमधला चिखल आणि उंदरांनी नेलेली सरकी आधीच काढलेली बरी. तिथं खुणेपेक्षा जास्त ऑईल भरलं तर तेही ओढलं जाऊन इंजिन पळतं.

मग नव्या ऑईलसह, नोझल अजून बाहेरच ठेवून, सेल्फनं पंधरा-वीस सेकंद फिरवायचं. बॅटरीला ओझं कमी पडतं, राहिलेलं पाणी भोकांतून फेकलं जातं. ऑईल प्रेशरचा काटा उचलेपर्यंत हे करावं. कोरड्या बेअरिंगवर इंजिन पेटवू नये.

नोझल बसवल्या की हवा काढायची. फीड पंपाची कळ हातानं मारत आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे संपले की बंद, मग पंपावरचा, शेवटी नोझलच्या पाइपाचे नट, सेल्फ फिरवत. इथं चुकलेलं इंजिन सुरू होतं आणि मिनिटभरात बंद पडतं.

हीटर असेल तर तो तापू द्यावा. हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नये. सेल्फ मारल्यावर पहिला धूर पांढरा येईल, घाबरू नये, ते न जळलेलं डिझेल असतं. पाच-दहा सेकंदांत ऑईलचा काटा चढला नाही तर तत्काळ बंद करायचं. चढला तर कमी वेगावर दहा मिनिटं चालू द्यावं. तापल्यावर पांढरा धूर विरतो. निळा राहिला तर रिंगा ऑईल पीत आहेत, काळा राहिला तर नोझल किंवा हवा.

बंद केल्यावर रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी डिपस्टिक पाहावी, ऑईल दुधाळ झालंय का, आणि चेंबरखाली थेंब पडलाय का. एवढं ठीक असलं की तासभर चालवून ऑईल पुन्हा बदलायचं. त्यानंतरच वखर जोडायचा.