शिखराआधी स्वयंपाकाचा तंबू

५ जून १९२१. तिबेटच्या पठारावर, काम्पा झोंगच्या अलीकडची एक खिंड ओलांडताना डॉ. अलेक्झांडर केलास यांचं डोलीतच निधन झालं. वय ५२. एव्हरेस्टवरची ही पहिली मोहीम, आणि हिमालयाची उंची केलास यांच्याइतकी अंगवळणी पडलेला दुसरा माणूस त्या तुकडीत नव्हता. लंडनमध्ये मिडलसेक्स हॉस्पिटलच्या वैद्यकीय शाळेत ते रसायनशास्त्र शिकवत. सिक्कीमच्या सीमेवरची चोमियोमो आणि पाउहुनरी ही शिखरं त्यांनी स्थानिक साथीदारांना घेऊन सर केली होती; ७,१२८ मीटरचं पाउहुनरी १९११ साली. विरळ हवेत शरीराचं काय होतं, एव्हरेस्ट चढणं माणसाला शक्य आहे का, याचं गणित मांडून बघणाऱ्या पहिल्या लोकांपैकी ते एक होते. त्यांचा जीव विरळ हवेने घेतला नाही आणि हिमकड्यानेही नाही. वाटेत पोट बिघडलं, ते सावरलंच नाही. अतिसाराने शरीर खंगत गेलं आणि अखेर हृदय थांबलं. चढाईचं नेतृत्व ज्यांच्याकडे होतं त्या हॅरॉल्ड रेबर्न यांचीही पोटाने तीच गत केली. त्यांना सिक्कीमला परत पाठवावं लागलं. एव्हरेस्टचा पायथा दिसण्याआधीच मोहिमेतले दोन सर्वांत जाणते गिर्यारोहक गेले.

आपल्याकडे गिर्यारोहणावर बरंच लिहिलं जातं, पण त्यात पोटाला जागा नसते. दोर, बूट, प्राणवायू, हवामान यांवर पानंच्या पानं. जुलाबावर एखादी ओळ, तीही ‘दुर्दैवाने अमुक आजारी पडला’ अशी. मला हा दुर्दैवाचा विषय वाटत नाही. उंचावरच्या पोटाच्या आजारांचा बहुतेक भाग टाळता येण्याजोगा आहे आणि तो टाळला जातो स्वयंपाकाच्या तंबूत, शौचाच्या खड्ड्याजवळ आणि माणसांच्या हातांवर.

हे नीट ओळखलं ते ग्रिफिथ प्यू यांनी. १९५२ साली एरिक शिप्टन यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिशांची तुकडी चो ओयूवर गेली, तिच्यात प्यू शरीरशास्त्रज्ञ म्हणून होते. शिखर मिळालं नाही. मोहीमभर माणसं खोकल्याने आणि जुलाबांनी बेजार होती. प्यू यांनी कोण किती पाणी पितो, काय खातो, कुठे झोपतो याच्या नोंदी केल्या आणि पुढच्या वर्षीच्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी शिफारशी दिल्या. त्यांत स्वच्छतेचा भाग मोठा होता: मुक्काम वस्तीपासून दूर टाका, पाणी उकळूनच प्या, स्वयंपाक्यांच्या हातांवर लक्ष ठेवा. आणि पाणी भरपूर प्या, दिवसाला तीन-चार लिटर. त्याच वसंतात एव्हरेस्टवरच्या स्विस मोहिमेतले रेमंड लँबेर आणि तेन्झिंग नोर्गे यांनी सुमारे ८,४०० मीटरवर चुलीविना रात्र काढली होती. मेणबत्तीच्या ज्योतीवर बर्फ वितळवून त्यांना जेमतेम घोटभर पाणी मिळालं आणि दुसऱ्या दिवशी ते माघारी फिरले. १९५३ च्या मेमध्ये मात्र शेवटच्या तंबूत तेन्झिंग आणि हिलरी लिंबाचं गरम गोड पाणी मनसोक्त प्यायले. १९५३ च्या यशात प्राणवायूच्या नळकांड्यांचा वाटा सगळे मान्य करतात. प्यू यांच्या उकळलेल्या पाण्याला मी तेवढाच मान देईन.

‘थंडीत जंतू मरतात’ हा समज महाराष्ट्रातून हिमालयात जाणाऱ्या किती ट्रेकरांच्या तोंडी ऐकावा! त्याच्या जोडीला ‘वाहतं पाणी शुद्धच असतं’ हे सह्याद्रीतून सोबत आणलेलं वाक्य. दोन्ही चूक. बर्फ हा जंतूंसाठी फ्रीजरच: तो त्यांना टिकवतो. जिआर्डियाची कवचबंद पुटी थंड पाण्यात महिनोन्‌महिने जिवंत राहते. नोरोव्हायरस गोठून पुन्हा वितळला तरी आजार देऊ शकतो, आणि त्याचे अगदी थोडे कण पोटात गेले तरी पुरतात. जंतूंना नष्ट करणारी उबदार माती, त्यांना खाणारे इतर सूक्ष्मजीव, यांतलं फारसं काही हिमरेषेच्या वर नसतं. सह्याद्रीत पंधरा-वीस सेंटिमीटरचा खड्डा खणून माती लोटली तर पावसाळ्यात काम होऊन जातं. हिमनदीवर खणलेला खड्डा म्हणजे ठेव ठेवल्यासारखं आहे. पुढच्या उन्हाळ्यात ती दुसऱ्या कुणाच्या पातेल्यात परत मिळते.

अलास्कातल्या डेनालीवर याचे पुरावे गोळा झाले आहेत. २००२ च्या जूनमध्ये तिथल्या वेस्ट बट्रेस वाटेवर पोटाच्या आजाराची साथ आली आणि तिची रीतसर तपासणी झाली. विचारपूस केलेल्या गिर्यारोहकांत दहातल्या जवळपास तिघांना जुलाब झाले होते. आसपास कुठे गाव नाही, गुरं नाहीत, गटार नाही. तो आजार वर नेला होता गिर्यारोहकांनीच, आणि पुढच्याला दिलाही त्यांनीच. पुढे हिमनदीशास्त्रज्ञ मायकेल लोसो यांनी काहिल्टना हिमनदीचा अभ्यास केला. हिमभेगांत वर्षानुवर्षं टाकलेला मैला बर्फाबरोबर खाली सरकतो, एक दिवस खालच्या भागात उघडा पडतो, आणि त्यातले जंतू तोवर जिवंत असू शकतात, असं त्यांना दिसलं. तिथे आता प्रत्येक तुकडीला झाकणाचा हिरवा डबा दिला जातो आणि आपला मैला त्यात भरून खाली आणावा लागतो.

बर्फ शुद्ध नाही हे एकदा पटलं की पाण्याचा प्रश्न समोर येतो, आणि लगेच शंका निघते: उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, मग उकळण्याचा उपयोग काय? एव्हरेस्टच्या तळछावणीवर, ५,३६४ मीटरवर, पाणी साधारण ८२ अंशांना उकळतं. शिखराखालच्या साऊथ कोल या खिंडीवर ७५ च्या आसपास. डाळ-तांदूळ त्यात शिजत नाहीत, म्हणून कुकर वर न्यावा लागतो. पण पोटाचे बहुतेक रोगजंतू ७० अंशांच्या पुढे मिनिटभरात निकामी होतात. तेव्हा उकळणं पुरतं. दोन हजार मीटरच्या वर खळखळून उकळी आल्यावर तीन मिनिटं ठेवावं, ही शिफारस पुरेशी सावध आहे.

खरी अडचण इंधनाची. शाळेत शिकलेली सुप्त उष्णता इथे उपयोगी पडते. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, जवळपास तेवढ्याच उष्णतेत शून्य अंशाचं ते पाणी ८० अंशांपर्यंत जातं. म्हणजे पातेल्यात बर्फाचं पाणी झालेलं दिसतं तेव्हा अर्धाच गॅस खर्च झालेला असतो. दमलेला माणूस नेमका तिथे थांबतो, ‘झालं की पाणी’ म्हणून बाटली भरतो. मोहिमेच्या सामानाची यादी करताना इंधनाचा हिशेब उकळीपर्यंतचा करायचा की वितळण्यापर्यंतचा, यावर वरच्या छावणीतली पोटं अवलंबून असतात.

उकळणं टाळायला लोक गोळ्या, फिल्टर, अतिनील दिवे नेतात. सगळ्याला उंचीवर मर्यादा आहेत. क्लोरीन आणि आयोडीन थंड पाण्यात फार सावकाश काम करतात. पाणी आधी कोमट करावं किंवा दुप्पट वेळ थांबावं. पोकळ तंतूंचा फिल्टर ओला असताना एकदा गोठला की आतले तंतू तडकतात. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पाणीही देतो, पण गाळत काहीच नाही. म्हणून रात्री तो झोपण्याच्या पिशवीत, अंगाशी. शिवाय विषाणू त्याच्या छिद्रांतून सहज निघून जातात. हिमनदीच्या दुधाळ पाण्यात अतिनील किरण पोचत नाहीत, आणि थंडीत बॅटरीही बसते. काठमांडूच्या सीवेक दवाखान्यात डॉ. डेव्हिड श्लिम आणि सहकाऱ्यांना १९८९ च्या सुमारास आठवडे-आठवडे जुलाब आणि विलक्षण थकवा घेऊन येणारे परदेशी रुग्ण दिसू लागले. पुढे सायक्लोस्पोरा म्हणून ओळखला गेलेला हा जीव क्लोरीनला दाद देत नाही, आयोडीनलाही नाही. उकळीपुढे मात्र टिकत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यात नेपाळमधून जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

पण पाण्यावरच सगळं लक्ष दिलं की हात सुटतात. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागातल्या वरच्या लॉजांमध्ये चूल याकच्या शेणाच्या गोवऱ्यांवर चालते. चुलीत गोवरी सारणारा हात आणि चपातीची कणीक मळणारा हात बरेचदा एकच असतो. मधे कढत पाणी आणि साबण आला तर प्रश्न मिटला. छावणीतल्या स्वयंपाकाच्या तंबूत पाहायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. दाराशी तोटीची कॅन आहे का, तिच्यात कोमट पाणी आहे का, जाळीच्या पिशवीत साबणाची वडी टांगलेली आहे का. ताटं धुतल्यावर उन्हात वाळतात, की दिवसभर एकाच ओल्या फडक्याने पुसली जातात? ते फडकं हा माझ्या मते छावणीतला सर्वांत धोकादायक जिन्नस. खुंबूत प्राण्यांची हत्या करत नाहीत, त्यामुळे मांस खालून पाठीवर वाहून येतं, तेही दिवसचे दिवस. नामचे गावाच्या वर डाळ-भात खावा, हा जाणत्या वाटाड्यांचा सल्ला त्यातूनच आला आहे.

आणि आपला चिवडा! मराठी तुकडी कुठेही गेली तरी चिवड्याची पिशवी तंबूभर फिरते आणि दहा हात तिच्यात बुडतात. त्यातला एक हात नुकताच शौचाहून आलेला असतो. पिशवीत हात घालायचा नाही, पिशवी तिरकी करून तळहातावर ओतून घ्यायचं. एवढ्या एका सवयीने साखळी तुटते. हातांना चोळायच्या अल्कोहोलवर भिस्त ठेवू नये. नोरोव्हायरसवर त्याचा परिणाम तोकडा, जिआर्डियाच्या पुटीवरही भरवसा नाही, आणि हातावर माती किंवा तूप असेल तर तो आणखी कमी. साबणाने चोळलेला मळ पाण्याबरोबर हातावरून वाहून जातो, म्हणून साबणच.

एवढं करूनही कुणी आजारी पडतंच. उंचीवर त्याचा अर्थ लावणं कठीण. मळमळ, उलटी, भूक मरणं ही लक्षणं विरळ हवेच्या आजारातही येतात. त्याची तीव्रता मोजणाऱ्या लेक लुईस गुणपद्धतीत ती मोजली जातात. जुलाब तिच्यात नाहीत. म्हणून डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर आधी उंचीचा संशय घ्यावा, चढाई थांबवावी. जुलाब असतील तर पोटाचा. दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि शंका असेल तिथे खाली उतरणं हे दोन्हींवर चालतं. कोरड्या हवेत नुसत्या श्वासाबरोबर पाणी जात असतं. त्यात जुलाब आले की माणूस काही तासांत गळून जातो. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते आणि ती बोलली जात नाही. रात्री तंबूबाहेर जायला नको, आडोसा नाही, म्हणून त्या संध्याकाळपासून पाणी पिणंच बंद करतात. शौचाचा वेगळा, चेन लागणारा तंबू हा चैनीचा खर्च नव्हे, औषधाच्या पेटीइतकाच तो आवश्यक आहे.

जुलाबावरचा सर्वांत मोठा उपाय याच उपखंडात सिद्ध झाला. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती पेले दिले. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. ओआरएसची पाकिटं वजनाला काहीच नाहीत. माणशी मूठभर ठेवावीत. ती संपली तर लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने. किंवा कोकणातल्यासारखी मीठ घातलेली पातळ पेज, जी छावणीतला कुठलाही स्वयंपाकी करून देईल. जुलाब थांबवणारी गोळी रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर घेऊ नये. प्रतिजैविक कोणतं आणि केव्हा, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, कारण दक्षिण आशियात जुनी औषधं अनेक जंतूंवर आता चालत नाहीत.

एव्हरेस्टवर तळछावणीतला मैला पिंपांत भरून खाली नेण्याचं काम १९९१ साली स्थापन झालेली सगरमाथा प्रदूषण नियंत्रण समिती पाहते. तो खालच्या गोरक शेप वस्तीजवळ नेऊन खड्ड्यांत टाकला जायचा, म्हणजे पुन्हा पाण्याच्याच शेजारी. तळछावणीच्या वर तीही सोय नव्हती. पहिल्या आणि चौथ्या छावणीदरम्यान सुमारे तीन टन मैला साठला असल्याचा समितीचा अंदाज आहे, आणि निम्मा एकट्या साऊथ कोलवर. त्याच कोलवरचा बर्फ वितळवून शिखराच्या रात्रीचं पाणी होतं. २०२४ पासून वर जाणाऱ्या प्रत्येकाला मैल्यासाठी खास पिशव्या घेणं आणि त्या भरून खाली आणणं सक्तीचं झालं. हे फार उशिरा झालं असं मला वाटतं, पण झालं हे चांगलं. उत्तराखंडात २०१८ साली उच्च न्यायालयाने बुग्यालांमध्ये, म्हणजे उंचावरच्या कुरणांमध्ये, मुक्कामाला बंदी घातली तेव्हा महाराष्ट्रातले किती ट्रेकर हळहळले! त्या कुरणांच्या वरच्या झऱ्यांशेजारी मोसमभर शेकडो माणसं शौचाला बसत होती, आणि खालच्या गावांचं पाणी तेच होतं.

एका बाबतीत मात्र कुठलाच नियम पुरा पडत नाही. मोहिमेत सर्वांत जास्त हात ज्यांचे अन्नाला लागतात ती माणसं म्हणजे स्वयंपाकी, त्याचे मदतनीस आणि ओझी वाहणारे हमाल. त्यांचं शौचालय बहुतेक छावण्यांत खडकाआड असतं, साबण मिळेल तो, गरम पाणी सदस्यांना देऊन उरलं तर. पुण्या-मुंबईत बसून ठेकेदाराशी तारखा आणि पैसे ठरवतो त्याच बैठकीत हेही ठरवून घ्यावं: मदतनिसांसाठी शौचाचा तंबू आहे का, त्यांच्या हात धुण्याच्या पाण्याचं इंधन हिशेबात धरलंय का, वरच्या हवेत तडकलेल्या हातांसाठी व्हॅसलीन आहे का. आणि मदतनिसाचं पोट बिघडलं तर त्याला दोन दिवस मजुरी न कापता चुलीपासून दूर बसवणार का? हा शेवटचा प्रश्न मी सर्वांत आधी विचारेन. मजुरी कापली जाणार असेल तर तो आजार सांगणार नाही, आणि उद्या सकाळची कणीक तोच मळेल.