चौकशी झाली, पुढे काय?

16 ऑगस्ट 1942, नागपंचमी. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमुरात पोलिसांच्या गोळीने बालाजी रायपूरकर शहीद झाले. खवळलेल्या जमावाने चार सरकारी माणसांचा जीव घेतला. तीन दिवसांनी गावात लष्कर उतरलं. पुरुषांची धरपकड झाली, घरं लुटली गेली, बायकांवर अत्याचार झाले. नागपूरहून आलेल्या महिला कार्यकर्त्यांना चिमूरच्या बायकांनी ते स्वतः सांगितलं.

सरकारी माणसांच्या खुनाचे खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या. 1945 मध्ये त्या जन्मठेपेवर आल्या. बायकांच्या तक्रारींची चौकशी करायला मात्र सरकार तयार नव्हतं. सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भन्साळी दिल्लीला बापूजी अणे यांच्या घरी गेले. अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. त्यांनी चिमूरला यावं, एवढीच विनंती होती. तिथे काही निघालं नाही. मग भन्साळींनी 63 दिवस उपास केला. त्याच्या बातम्यांवर सरकारने बंदी घातली, तर 6 जानेवारी 1943 ला अनेक वृत्तपत्रांनी अंकच काढले नाहीत. 12 जानेवारीला तडजोड झाली. बंदी उठली, चिमूरला जायची वाट मोकळी झाली. चौकशी झाली नाही.

अशा चौकशांसाठी स्वतंत्र भारताने 1952 मध्ये चौकशी आयोग कायदा केला. या कायद्याखालचा आयोग साक्षीदारांना समन्स काढतो, शपथेवर जबानी घेतो, दप्तर मागवतो. शिक्षा मात्र देऊ शकत नाही. उद्योगपती दालमिया यांनी न्या. तेंडोलकर आयोगाला आव्हान दिलं, तेव्हा 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं: आयोग सत्य शोधून शिफारस करतो, निवाडा देत नाही. आयोगाचा अहवाल आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, काय कारवाई केली त्याच्या निवेदनासह, तो सभागृहापुढे ठेवायचं बंधन सरकारवर आहे.

कागदावरच्या या चौकशीतून हाती कितपत येतं, ते गोवारी समाजाला विचारावं. चंद्रपूर-गडचिरोलीसह विदर्भातल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणारा, दिवाळीत गायगोधनाला ढाल घेऊन नाचणारा हा समाज. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. ती आमचीच, म्हणून सवलती द्या, ही त्यांची मागणी. 23 नोव्हेंबर 1994 ला विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर त्यांचा मोर्चा आला. निवेदन घ्यायला मंत्री येईल म्हणून हजारो माणसं नागपूरच्या रस्त्यावर दिवसभर ताटकळली. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली, 114 जीव गेले. त्यात बायका आणि लेकरं जास्त होती.

आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्या. एस. एस. दाणी यांचा आयोग नेमला गेला. आयोगाने घटना दुर्दैवी ठरवली, दोष कुणावरच ठेवला नाही. 1995 मध्ये विशेष मागास प्रवर्गाला दोन टक्के आरक्षण मिळालं, त्यात गोवारी आले. मूळ मागणी न्यायालयात गेली. 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. आजही दर 23 नोव्हेंबरला झीरो माइलजवळच्या स्मारकापाशी माणसं जमतात.

आयोग वेगळ्या तऱ्हेनेही चालू शकतो. दक्षिण आफ्रिकेत 1996 पासून आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या आयोगाने वर्णद्वेषाच्या बळींना उघड सुनावणीत बोलतं केलं. कबुली देणाऱ्यांना माफीची वाटही ठेवली. तिथेही भरपाई आणि खटले रेंगाळले. पण बळींना आणि त्यांच्या घरच्यांना आपलं म्हणणं साऱ्या देशासमोर मांडता आलं. समेट व्हायचा तर निदान एवढं तरी व्हायला हवं.

म्हणून आयोग जाहीर झाला की लोकांनी पहिल्याच दिवसापासून काही गोष्टी धरून बसायला हव्यात. चौकशीच्या मुद्द्यांत अधिकाऱ्यांची जबाबदारी आहे का? सुनावणी गावाजवळ होणार का, की मजुरी बुडवून नागपूर-मुंबई गाठायची? मुदत किती? आणि अहवाल आल्यावर सहा महिन्यांत तो मांडला गेला का, हे आपल्या आमदाराला विचारणार कोण?